पंचेचाळीस म्हटलं की पोर ५४ का लिहितं?

(हातात पाटी, पाटीवर ५४)

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, तिकडं हल्याळपर्यंत जे जे बघताय त्या सगळ्यांना नमस्कार. ही पाटी बघा. वर्गात बाईंनी सांगितलं, "पंचेचाळीस लिहा", आणि दुसरीतल्या पोरानं हे लिहिलं. चोपन्न. अशा पोराला घरी काय ऐकावं लागतं ते तुम्हाला माहीत आहे. "लक्ष कुठं असतं तुझं?" आज मला त्या पोराच्या बाजूनं बोलायचं आहे.

जरा मोठ्यानं म्हणून बघा. पंचे... चाळीस. आधी पाच ऐकू येतात, चाळीस मागून येतात. पोरानं ऐकलं त्या क्रमानं लिहिलं, म्हणजे त्याचं लक्ष अगदी जागेवर होतं. आता एकोणतीस घ्या. कानावर तीस पडतं आणि लिहायचे मात्र २ आणि ९. मग पोर ३९ लिहितं. एकोणचाळीस, एकोणसाठ, एकोणऐंशी, सगळीकडं हीच अडचण. आणि एवढं करून नव्व्याण्णवला आलो की तिथं 'एकोणशंभर' म्हणायचं नाही!

केंद्राच्या निपुण भारत कार्यक्रमात पहिलीच्या अखेरीला ९९ पर्यंत, दुसरीत ९९९ पर्यंत आणि तिसरीत ९९९९ पर्यंत संख्या वाचता-लिहिता याव्यात असं ठरलेलं आहे. म्हणजे सगळ्यात अवघड चढ पहिलीतच. शंभराच्या पुढं आपली मराठी सरळ चालते, एकशे पाच, दोनशे सात. पण शंभराच्या आतलं जवळजवळ प्रत्येक नाव सुटं पाठ करावं लागतं, तेही सहा वर्षांच्या पोराला.

आणि इथंच आपल्या भागातल्या पोराजवळ एक गोष्ट आहे, जिच्याकडं आपलं लक्ष जात नाही. भाजीवाली कन्नडमध्ये "नलवत्तैदु" म्हणते. नलवत्तु म्हणजे चाळीस, ऐदु म्हणजे पाच. आधी चाळीस, मग पाच, लिहितो तसंच. एकोणतीसला कन्नडमध्ये इप्पत्तोंबत्तु, वीस आणि नऊ. इथं 'एकोण' नाहीच. अकरा ते एकोणीसमध्ये, हन्नोंदु, हन्नेरडु वगैरे, दहाचं रूप जरा बदलतं, पण सगळीकडं दशक आधी आणि एकक नंतर. बसमध्ये कंडक्टर, बाजारात दुकानदार, गल्लीत शेजारची काकू, सगळ्यांकडून पोर हे आकडे ऐकतच असतं. कर्नाटकच्या २०१५ च्या कायद्यानं मराठी शाळेतही पहिलीपासून कन्नड आहेच. त्यामागचं राजकारण बाजूला ठेवू या, तो विषय मोठा आहे. मला एवढंच दिसतं की पोराच्या कानात गणिताची एक सोपी वाट आधीच तयार आहे आणि गणिताच्या तासाला आपण ती बंद ठेवतो.

महाराष्ट्रात २०१९ साली यावरून केवढा गदारोळ झाला होता, आठवतं? बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसबरोबर 'वीस एक' असंही वाचन दिलं होतं. मंगला नारळीकर गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. भाषा बुडाली म्हणून ओरड झाली, विधानसभेपर्यंत गोष्ट गेली. पुस्तकात एकवीसही होतंच, ते कुणी काढलं नव्हतं. आपल्या मराठी शाळांना पुस्तकं कर्नाटकाची, म्हणून तो वाद आपल्यापर्यंत फारसा आला नाही. पण माझ्या मते नारळीकर बाईंचं म्हणणं बरोबर होतं, आणि ते बेळगावइतकं दुसरीकडं कुठं पटकन पटणार नाही.

वर्गात हे शिकवतात कसं? दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या. चार गठ्ठे, पाच सुट्ट्या. शेजारच्या कन्नड सरकारी शाळेत पहिली ते तिसरीची पोरं एकत्र, गटागटानं बसलेली दिसतील. ती 'नली-कली'. १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात सुरू झालेली पद्धत. तिथल्या शिक्षकांनी आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या शाळा जाऊन बघितल्या, युनिसेफची मदत मिळाली, आणि पुढं ती राज्यभर गेली. भिंतीवर शिडीचा तक्ता असतो, पोर एक कार्ड पुरं करतं आणि पुढच्या पायरीवर जातं. वहीत फार काही लिहिलेलं नसतं, त्यामुळं आईवडिलांना वाटतं की शिकवलंच नाही. वही बघण्याआधी पोराच्या हातात काड्या देऊन बघा.

घरी काय करायचं? खराट्याच्या काड्या घ्या, रबर लावून दहाचे गठ्ठे बांधा. काड्या नसतील तर दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी घ्या, तेही चालतं. "पंचेचाळीस" म्हणा आणि पोराला तेवढे मांडू द्या. मग विचारा, चाळीस किती, वर किती? लिहायचं त्यानंतर. अडलं तर "कन्नडमध्ये सांग बघू" म्हणा. नलवत्तैदु तोंडातून आलं की हात आपोआप आधी ४ कडं जातो.

बेरीजही अशीच. सदतीस आणि पंचवीस. तीस सात, वीस पाच. तीस नि वीस पन्नास, सात नि पाच बारा, झाले बासष्ट. पोर हे बोटं न मोजता करतं.

काही जण म्हणतील, अशानं मराठी आकडे विसरतील. नाही विसरणार, पण ते रोज म्हणायला हवेत. संध्याकाळी वीस ते साठ आजीबरोबर म्हणू द्या, उलटेही म्हणू द्या. एकोणपन्नास, एकोणसाठ जिभेवर बसतात ते म्हणण्यानंच. गठ्ठे कळलेल्या पोराला ते पाठ करणं जड जात नाही.

पुढच्या व्हिडिओत हातच्याची वजाबाकी. तोवर तुमचं पोर कोणत्या आकड्याला अडतं, तो आकडा आणि इयत्ता खाली लिहा. त्याच आकड्यांवर गणितं घेऊन येते.