पायावरचा डोळा

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय मेंदूबद्दल, पण सुरुवात चिलटापासून. केळी जास्त पिकली की घोंघावतं ना, तेच. या चिलटांचा एक वाण असा, की त्याला डोळे एकतर नसतातच, नाहीतर खुरटलेले. कारण एक जनुक बिघडलेलं. स्वित्झर्लंडमध्ये बाझलला जीवशास्त्रज्ञ वॉल्टर गेहरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली उलटं करून बघितलं. तेच जनुक, धडधाकट, अळीच्या अशा भागांत चालू केलं जिथून पुढं पाय, पंख, मिशा निघायच्या. कोशातून चिलट बाहेर आलं ते पायावर डोळा घेऊन! पायावर, श्रोतेहो. पंखावर, मिशीवरसुद्धा. लाल, जाळीदार, डोक्यावर असतो तस्साच. मग गड्यांनी उंदराचं तसलंच जनुक चिलटात घातलं. तुम्ही म्हणाल, उंदराचा डोळा उगवला असेल. छे! चिलटाचाच उगवला. उंदराच्या जनुकानं नुसता हुकूम सोडला, 'इथं डोळा करा'. केला चिलटाच्या पेशींनी, आपल्या रीतीनं.

आणि आमच्या परीक्षांत अजून 'आकृती काढून नावे द्या'! पायावरचा डोळा दाखवा की पोरांना, जन्मात विसरायची नाहीत. असो.

या हुकूम सोडणाऱ्या जनुकाचं नाव पॅक्स-सिक्स. असली जनुकं म्हणजे ताकारी-म्हैसाळच्या कालव्यावरचे पाटकरी. पाणी तेच, कुणाचं दार कधी उघडायचं, ते पाटकरी बघतो. पुन्हा सांगतो, डीएनए सगळ्या पेशींत तोच. त्यातलं उघडतं काय, त्यावर पेशीचं पुढं काय व्हायचं ते ठरतं.

गर्भाच्या मेंदूत आधी असतात मूळ पेशी. सॉक्स-टू नावाचं असलंच जनुक त्यांना मूळ पेशीच ठेवतं, विभागत राहा म्हणतं. न्यूरोजेनिन नावाचं दुसरं जनुक म्हणतं, चल, चेतापेशी हो. आणि जी पेशी चेतापेशी व्हायला निघते, ती शेजारणीला नॉच नावाच्या प्रथिनामार्फत अडवते, की तू इतक्यात नको. का अडवायचं? सगळ्यांनी एकदम घाई केली तर मूळ पेशी लवकर संपतात आणि मेंदू लहान राहतो.

आपलं पॅक्स-सिक्स इथंही कामाला असतं. त्याच्या दोन्ही प्रती, आईकडची आणि बापाकडची, बिघडलेल्या उंदराच्या पिल्लाला डोळे येत नाहीत, मेंदूचा वरचा थरही नीट घडत नाही. ते जन्मताच दगावतं. माणसात एक प्रत बिघडली, तरी डोळ्यातला रंगीत पडदा तयार होत नाही किंवा अर्धाच होतो.

नमस्कार.