सोन्यावर उमटलेलं आल्प्सचं रान

नमस्कार, श्रोतेहो.

ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाच्या टांकसाळीचं मूळ ११९४ सालापर्यंत मागे नेतात. इंग्लंडचा राजा रिचर्ड धर्मयुद्धाहून परतताना व्हिएन्नाजवळ पकडला गेला आणि त्याच्या सुटकेसाठी जी चांदी मिळाली, तिची नाणी पाडण्यासाठी ही टांकसाळ सुरू झाली, असं सांगतात. त्याच टांकसाळीनं २०१३ ते २०१८ या काळात दर वर्षी एक, अशी सहा सोन्याची नाणी काढली. दर्शनी किंमत १०० युरो. या मालिकेत मान मिळाला तो रानातल्या जिवांना. लाल हरीण, रानडुक्कर, केपरकेली हा रानपक्षी, खोकड, मॅलार्ड बदक आणि शेवटी आयबेक्स, म्हणजे आल्प्सच्या कड्यांवर राहणारा रानबोकड.

आधी सोन्याचं सांगते, कारण पहिला प्रश्न तोच येणार. प्रत्येक नाण्यात १६ ग्रॅम शुद्ध सोनं आहे, दीड तोळ्याहून जरा जास्त. कस हजारात ९८६. आपण दागिना घेताना ९१६चा हॉलमार्क बघतो, त्याहून हा कस वरचा. ऑस्ट्रियाच्या जुन्या डुकाट नाण्याचा कस हाच होता आणि टांकसाळीनं तो इथेही राखला. डुकाट मूळचा व्हेनिसचा. व्हेनिसचे डुकाट व्यापाराबरोबर आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले, त्यांना आपल्याकडे पुतळी म्हणत. आजीच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही नाणी अगदीच परकी वाटू नयेत.

संग्राहकांसाठीचं नाणं साध्या नाण्यासारखं पाडत नाहीत. ठशाचा मोकळा भाग आरशासारखा घासून घेतात, चित्राचा भाग मुद्दाम खरबरीत ठेवतात आणि एकाच चकतीवर ठसा पुन्हा पुन्हा दाबतात. त्यामुळे मागची जमीन लखलखते आणि प्राणी मंद, सायीच्या रंगाचा उठून दिसतो. नाणं तिरकं धरलं की हे उलटतं, जमीन काळी पडते आणि जनावर उजळतं. भिंग लावलंत तर जनावराच्या अंगावरचा केस न् केस बघावासा वाटतो.

केपरकेलीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. हा टर्कीएवढा, काळपट पक्षी. वसंतात पहाटे नर शेपूट पंख्यासारखी उभारून माद्यांसाठी गातो. त्या गाण्याच्या शेवटच्या काही क्षणांत त्याला जवळपास काहीच ऐकू येत नाही. शिकाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. तेवढ्या क्षणांत ते दोन-तीन पावलं पुढे सरकत, गाणं थांबलं की जागच्या जागी उभे राहत, आणि असं करत करत टप्प्यात येत. गाण्यापायी जीव जावा, हे ऐकून मला फार वाईट वाटलं होतं.

पण मालिकेतलं माझं लाडकं नाणं आयबेक्सचंच. नराची शिंगं मीटभर लांब होतात, मागे वळलेली, पुढच्या बाजूनं गाठीगाठींची. हा प्राणी एकेकाळी चालताबोलता औषधाचा डबा मानला जाई. त्याचं रक्त, शिंगांची पूड, पोटात सापडणारे खडे, एवढंच काय, हृदयातलं छोटंसं हाडसुद्धा कशाकशावर उतारा म्हणून विकलं जाई. त्यातून बंदुका आल्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अख्ख्या आल्प्समध्ये आयबेक्स उरले ते इटलीच्या वायव्येला, ग्रान पाराडिझोच्या डोंगरांत, तेही जेमतेम शंभराच्या आसपास.

त्यांना वाचवलं ते आधी कायद्यानं आणि मग एका राजाच्या शिकारीच्या हौसेनं. १८२१ साली तिथे शिकारबंदी आली. १८५६ साली राजा व्हित्तोरियो इमॅन्युएल दुसरा यानं ते डोंगर स्वतःच्या शिकारीसाठी राखून घेतले आणि पहारेकरी नेमले. राजा एकटा मारणार, म्हणून बाकीच्यांना बंदी, आणि त्या बंदीत कळप वाढला. हेतू स्वार्थाचा होता, पण फळ आज सगळ्या आल्प्सला मिळतं आहे. १९२२ साली तिथे इटलीचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं.

पुढचा भाग तर कादंबरीत शोभावा असा. स्वित्झर्लंडला आपल्या डोंगरांत आयबेक्स परत हवे होते, इटलीचा राजा देईना. तेव्हा १९०६ साली आयबेक्सची पिल्लं चोरून सीमेपार आणली गेली आणि सेंट गॅलनच्या प्राणी उद्यानात वाढवली. १९११ साली त्यांच्या वंशातले पहिले प्राणी रानात सोडले. आज आल्प्समध्ये पन्नास हजारांच्या घरात आयबेक्स आहेत आणि ते सगळे त्या ग्रान पाराडिझोच्या कळपाचेच वंशज. इतक्या थोड्या पूर्वजांमुळे त्यांच्यात आनुवंशिक वैविध्य फार कमी आहे, ही काळजी अजून मिटलेली नाही. ज्याचं हाडन् हाड पैशासाठी विकलं, त्याला अखंड, जिवंत असं सोन्यावर बसवलं गेलं, हे मला या नाण्याचं खरं मोल वाटतं.

वनस्पतींकडे वळायचं तर स्वित्झर्लंडचं २० फ्रँकचं व्रेनेली आठवतं. १८९७ ते १९४९ या काळातलं हे सोन्याचं नाणं, वजन ६.४५ ग्रॅम. मुलीच्या मुखड्यामागे डोंगर आणि गळ्याशी एडेलवाइसच्या फुलांची माळ. तिथे बाळाच्या नामकरणाला व्रेनेली देण्याची रीत आहे. एडेलवाइसच्या पांढऱ्या पाकळ्या म्हणजे खरं तर लोकरीसारखी लव असलेली पानं. खरी फुलं मधल्या पिवळट गोंड्यांत असतात. याच फुलाची भावंडं आपल्या हिमालयात आहेत. फुलांच्या घाटीचा ट्रेक केलेल्या मराठी मंडळींनी ती कदाचित पाहिलीही असतील.

घ्यायचं मनात असेल तर एक लक्षात ठेवा. अशा नाण्याची किंमत सोन्याच्या भावाहून जास्त असते आणि विकताना ती वरची रक्कम परत मिळेलच असं नाही. गुंतवणूक म्हणून घेऊ नका, चित्रासाठी घ्या. नाणं ज्या पारदर्शक कुपीत येतं तिच्यातून बाहेर काढू नका, बोट लावू नका आणि कधीही पुसू नका. कापडाचा एक ओरखडासुद्धा त्या आरशावर कायमचा राहतो. आणखी एक, ही १०० युरोंची नाणी चलन म्हणून फक्त ऑस्ट्रियातच चालतात.

सोनं परवडत नसेल तरी हरकत नाही. ऑस्ट्रियाच्या १ सेंटवर जेन्शन आहे, २ सेंटवर एडेलवाइस आणि ५ सेंटवर आल्प्सचा प्रिमरोझ. निसर्ग जपण्याची जबाबदारी आठवावी म्हणून ही फुलं निवडली आहेत. युरोपात कुणी नातेवाईक असतील तर येताना त्यांच्याकडून ही तीन तांबूस नाणी मागवून घ्या. त्यासाठी आपल्याला दहा रुपयेही मोजावे लागणार नाहीत.

नमस्कार.