नव्वद मिलिलिटरचा धाक

श्रोतेहो, नमस्कार. डोपिंगची, म्हणजे बंदी असलेली औषधं घेतल्याची, बातमी आली की पकडला गेलेला खेळाडू तेवढा आपल्या लक्षात राहतो. ज्यानं कधीच काही घेतलं नाही, त्याच्या डोक्यावरच्या टांगत्या तलवारीबद्दल आज बोलू.

नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, नोंदणीकृत चाचणी यादीत नाव आलं की दर तिमाहीला पुढचा मुक्काम कळवायचा. शिवाय पहाटे ५ ते रात्री ११ मधला रोजचा एक तास ठरवून द्यायचा आणि त्या तासात सांगितलेल्या जागीच सापडायचं. १२ महिन्यांत ३ चुका झाल्या की साधारण २ वर्षांची बंदी, लघवीत काहीही सापडलेलं नसताना! पहाटेचा तास द्यावा तर तपासनीसाच्या बेलच्या धास्तीनं झोप लागत नाही. ऐनवेळी गावी निघालात, तरी पत्ता बदलायचं विसरून चालत नाही.

लघवीचा नमुना देतानाची परीक्षा तर वेगळीच. कपडे छातीपासून मांडीपर्यंत बाजूला, बाह्या कोपरापर्यंत वर आणि समोर एक परका माणूस टक लावून बघतोय. किमान ९० मिलिलिटर हवं. सामन्यानंतर अंगातलं पाणी आधीच आटलेलं, त्यात संकोच; लघवी अडते. घाबरून खेळाडू घटाघटा पाणी पितो आणि नमुना इतका पातळ होतो की विशिष्ट गुरुत्व, म्हणजे लघवी किती दाट आहे त्याचं माप, १.००५ च्या खाली जातं. मग पुन्हा बसा. संघाची बस केव्हाच गेलेली असते. म्हणून पाणी घोट घोट घ्यावं.

औषधाचीही धास्ती असतेच. २०१९ मध्ये क्रिकेटपटू पृथ्वी शॉच्या नमुन्यात टर्ब्युटालिन हे बंदी असलेलं औषध सापडलं. खोकल्याच्या औषधातून ते गेल्याचं त्याचं म्हणणं क्रिकेट बोर्डानं मानलं, तरी ८ महिन्यांची बंदी बसलीच. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, असा नियमच आहे. तेव्हा ‘माझी डोप चाचणी होते’ हे डॉक्टरांना आधी सांगा. प्रोटीन पावडरीचा डबा, पावती, बॅच क्रमांक जपून ठेवा. भेसळ निघाली तर पुरावा तोच.

सगळ्यात जास्त पोखरतो तो ‘सगळेच घेतात’ हा प्रशिक्षकाचा सूर. नकार दिला तर संघातली जागा जाईल ही भीती, आणि हरल्यावर ‘समोरच्यानं घेतलं असेल का?’ हा किडा. आपल्याकडे दोष खेळाडूच्या माथी मारून सगळे मोकळे होतात, हे मला पटत नाही. बंदी असलेलं औषध टोचणाराही नियमानं दोषी ठरतो. समोर अल्पवयीन खेळाडू असेल तर टोचणाऱ्यावर आजन्म बंदीही येऊ शकते. पालकांनो, शिबिरात मुलाला इंजेक्शन दिलं, तर कुपीवरचं नाव तिथेच लिहून घ्या.