दासगाव ते चवदार तळे
(निवेदन)

[दृश्य: दासगावची खाडी, धक्का]

सावित्रीच्या काठावरचं हे दासगाव. मुंबईची बोट इथे लागायची. 25 डिसेंबर 1927 च्या दुपारी 'पद्मावती' बोटीतून डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे सत्याग्रही महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहासाठी इथेच उतरले. धक्क्यावर हजारो माणसं वाट पाहत उभी होती.

मुंबईहून महाडला धरमतरमार्गेही येता आलं असतं. पण धरमतरला उतरलं की पुढचा सगळा पल्ला मोटारवाल्यांच्या मर्जीवर. त्यांनी ऐन वेळी बहिष्कार घातला तर सत्याग्रही वाटेतच अडकणार. दासगावहून महाड अवघं पाच मैल. मोटार नाही मिळाली, तर चालत जाता येतं! म्हणून दासगाव. बाबासाहेबांच्या सार्वजनिक वागण्याची रीत या एका निर्णयात दिसते. काय बिघडू शकतं याचा विचार आधी, घोषणा नंतर.

धक्क्यावरच पोलीस अधिकाऱ्यांनी कलेक्टरची चिठ्ठी त्यांच्या हाती दिली. बाबासाहेब भेटीला पुढे गेले. मागे राहिलेल्यांनी रांगा धरल्या आणि गाणी म्हणत, जयघोष करत महाडची वाट चालायला सुरुवात केली.

[दृश्य: चवदार तळे, दगडी पायऱ्या, पाणी]

हे चवदार तळं. या पाण्यावर मुसलमान येत, ख्रिस्ती येत, गुरंढोरं येत. अस्पृश्य मानलेल्या माणसाला मात्र मज्जाव. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 सालीच मंजूर झाला होता. सरकारी पैशाने बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, धर्मशाळा, शाळा यांसारखी सार्वजनिक ठिकाणं सर्वांना खुली, असा तो ठराव. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने हे तळं खुलं केल्याचा ठराव केला. दोन्ही ठराव कागदावर पक्के. पायरी उतरायची हिंमत मात्र कुणाला होऊ दिली नव्हती.

म्हणून त्याच वर्षी, सत्याग्रहाच्या आधी, 19 आणि 20 मार्च 1927 ला महाडात भरलेली अस्पृश्यांची परिषद. रामचंद्र बाबाजी मोरे यांनी गावोगाव फिरून माणसं जमवली. अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस सोबतीला होते. परिषदेला आलेल्यांच्या पिण्यासाठी पाणी विकत घ्यावं लागलं, 40 रुपयांचं! तुडुंब भरलेलं तळं हाकेच्या अंतरावर असताना.

20 तारखेला आभार मानता मानता चित्र्यांनी सुचवलं की आता तळ्यावर जाऊ या. बाजारातून मिरवणूक निघाली. ना कुणाला धक्का, ना कुणाला शिवी. बाबासाहेब पायऱ्या उतरले, ओंजळीने पाणी प्यायले. मागोमाग बाकीचे प्यायले आणि सगळे मंडपाकडे परतले.

[दृश्य: वीरेश्वर मंदिर, मग बाजारपेठेतली गल्ली]

दोनेक तासांत गावात अफवा उठली, की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्या घेऊन जमाव धावून आला. कुणी जेवत होतं, कुणी गावी जायला गाठोडं बांधत होतं. सापडेल त्याला मारलं. कित्येकांना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला.

बाबासाहेब सरकारी बंगल्यावर उतरले होते. चिडलेले तरुण तिथे जमले. परिषदेला आलेल्यांत पलटणीतून निवृत्त झालेले गडीही होते. दापोली, मंडणगड, खेड या पट्ट्यात अशी पेन्शनर घरं पुष्कळ. बाबासाहेबांचे दिवंगत वडील सुभेदार रामजी, तेही असेच पलटणीतले पेन्शनर होते. लढायचं कसं हे या माणसांना कुणी शिकवायला नको होतं. एक शब्द पुरे होता, आणि महाडच्या गल्ल्यांतून रक्त वाहिलं असतं. तो शब्द बाबासाहेबांनी उच्चारला नाही. हात उचलायचा नाही, असं बजावलं. हल्लेखोरांना कोर्टात खेचलं आणि पाच जणांना शिक्षा झाली.

गावात इकडे तळ्याच्या शुद्धीचा घाट घातला गेला. 108 घागरी पाणी काढलं, त्यात दही, दूध, शेण, गोमूत्र कालवलं आणि मंत्र म्हणत ते पुन्हा तळ्यात ओतलं.

[दृश्य: क्रांतिभूमी, स्तंभ]

याला उत्तर म्हणून डिसेंबरचा सत्याग्रह. या वेळी महाडात मंडपाला जागा मिळेना. शेवटी फत्तेखान यांनी आपली जमीन दिली. महाडचे व्यापारी माल द्यायला तयार नव्हते, म्हणून धान्य आणि बाकी शिधा आधीच बाहेरून आणून ठेवला.

25 तारखेच्या रात्री मनुस्मृतीचं दहन झालं. त्याचीही तयारी आधीची. दीड फूट लांब, दीड फूट रुंद, सहा इंच खोल असा खड्डा, त्यात चंदनाची लाकडं, चार कोपऱ्यांना खांब आणि त्यांवर फलक. रागाच्या भरात कुणीतरी पुस्तक पेटवलं, असं ज्यांना वाटतं त्यांनी या मापांकडे बघावं. ठराव मांडला तो गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी. ते जातीने ब्राह्मण होते. भांडण माणसाच्या जन्माशी नव्हतं, त्या ग्रंथातल्या विषमतेशी होतं.

[दृश्य: तळ्याभोवतीचा रस्ता, संथ फेरी]

सत्याग्रह मात्र अजून व्हायचा होता, आणि मधे दिवाणी कोर्टाचा मनाईहुकूम उभा राहिला. तळं खाजगी मालकीचं आहे असा दावा करून तो 14 डिसेंबरला मिळवलेला. मंडपात हजारो माणसं तुरुंगात जायला तयार, नावं नोंदवून बसलेली. 26 तारखेला बाजूने भाषणं झाली, विरोधात झाली. कलेक्टरलाही बोलू दिलं, लोकांनी ऐकून घेतलं. मग बाबासाहेबांनीच सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव मांडला. सरकार आपल्या हक्काच्या आड आलेलं नाही, हुकूम कोर्टाचा आहे, तर कोर्टातच लढू, हे त्यांनी त्या तापलेल्या माणसांना समजावलं आणि माणसांनी ते मानलं. टाळ्या मिळतील असं बोलणं त्या दिवशी फार सोपं होतं.

27 तारखेला मिरवणूक निघाली. हातात फलक, ओठांवर शब्द नाही. तळ्याला वळसा घालून, पाण्याला न शिवता ती मंडपात परतली. त्याच मुक्कामात बाबासाहेबांनी स्त्रियांची वेगळी सभा घेतली. नेसण्या-राहण्यापासून मुलींच्या शिक्षणापर्यंत तिथे बोलणं झालं.

[दृश्य: कोर्टाची कागदपत्रं, संविधानाचं पान]

खटला दहा वर्षं चालला. 17 मार्च 1937 ला मुंबई हायकोर्टाने निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. आणि विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते वापरण्यापासून जातीच्या कारणाने कुणालाही अडवता येणार नाही, हे आज संविधानाच्या 15 व्या कलमात नोंदलेलं आहे.