'सोबत्यां'मधला गोन्सालो

मंडळी, तक्रारीपासून सुरुवात करतो. चर्चचं जागतिक कॅलेंडर उघडून ६ फेब्रुवारीच्या रकान्यात बघा. तिथे लिहिलंय 'संत पॉल मिकी आणि सोबती, रक्तसाक्षी'. आपला वसईचा गोन्सालो गार्सिया आहे त्या 'सोबती' या शब्दात, आणखी चोवीस जणांबरोबर. पॉल मिकी हा जपानी जेझुइट. हे सगळे सव्वीस जण श्रद्धेपायी जपानमध्ये क्रूसावर मेले, ५ फेब्रुवारी १५९७ला. पण त्या दिवसावर सिसिलीच्या संत अगाथाचा हक्क फार जुना, म्हणून जगासाठी यांचा सण एक दिवस पुढे सरकला. जपानमध्ये मात्र तो पाच तारखेलाच पाळतात. मेक्सिकोवाल्यांना विचाराल तर पाच फेब्रुवारी हा त्यांच्या फेलिपेचा दिवस, कारण त्या सव्वीसांत एक मेक्सिकोचाही होता. ज्याचा त्याचा माणूस पुढे आणि बाकीचे सोबती, असा हा प्रकार आहे. आपण वसईकरही तेच करतो, त्यामुळे माझ्या तक्रारीत फारसा दम नाही, हे आधीच कबूल करतो.

गोन्सालोचा जन्म साधारण १५५७चा. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. किल्ल्यात जेझुइटांच्या, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाच्या, चर्चची ती उंच दर्शनी भिंत तुम्ही शंभरदा पाहिली असेल. हा मुलगा त्याच जेझुइटांच्या हाताखाली शिकला.

आईचा मुद्दा आपण एका वाक्यात उरकतो. ब्राझीलमध्ये तो उरकला नाही. रेसिफे शहरातल्या पार्दोंनी, म्हणजे मिश्रवंशीय लोकांनी, १७४५ साली या गोन्सालोचा मोठा उत्सव केला. गोऱ्या बापाचा आणि सावळ्या आईचा म्हणून तो आपल्या रंगाचा, असं त्यांचं म्हणणं. त्यावर आक्षेप निघाला की हिंदुस्थानातली बाई काही आफ्रिकेतली नव्हे, मग तिचा मुलगा पार्दो कसा? तेव्हा जाबोआतांव नावाच्या, फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघातल्या पाद्र्याने भर उत्सवात प्रवचन देऊन तो पार्दोच असल्याचं हिरिरीने मांडलं. पुढे ते प्रवचन लिस्बनला छापूनही निघालं. विचार करा, आपल्याकडच्या एका आईच्या रंगावरून समुद्रापार खल चालला होता! आणि साल बघा. १७३९ला चिमाजी आप्पांनी वसई घेतली. म्हणजे इथल्या किल्ल्यातली चर्चेस ओस पडत होती, तेव्हा तिकडे त्याच्या मिरवणुका निघत होत्या.

आता जपान. गोन्सालो पंधरा-सोळा वर्षांचा असताना जेझुइटांबरोबर तिथे गेला. पोराला भाषेचा कान असावा. जपानी तो इतकी चांगली शिकला की लोकांना धर्मशिक्षण देऊ लागला. जेझुइट संघात घ्या म्हणून त्याने विनवण्या केल्या, पण त्यांनी घेतलं नाही. मग गडी व्यापारात शिरला आणि पैसाही बरा मिळवला. पण मन रमेना. शेवटी मनिलाला जाऊन तो फ्रान्सिस्कनांत दाखल झाला. फादर म्हणून नव्हे, साधा ब्रदर म्हणून. मिस्सा, म्हणजे फक्त फादरच चालवतात ती उपासना, त्याने कधी अर्पण केली नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे बऱ्याच जणांच्या तोंडी अजून 'फादर गोन्सालो' असतं.

मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने १५९३मध्ये पेद्रो बाउतिस्ता या फ्रान्सिस्कनाला राजदूत म्हणून जपानला पाठवलं, तेव्हा बरोबर दुभाष्या म्हणून गोन्सालो होता. समोर तोयोतोमी हिदेयोशी, अख्खा जपान मुठीत असलेला माणूस. मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम त्याने १५८७मध्येच काढला होता आणि आता फिलिपिन्सने आपलं मांडलिकत्व मानावं असा त्याचा आग्रह होता. अशा दरबारात दुभाष्याची काय अवस्था होत असेल? धमकी एकाची, नकार दुसऱ्याचा, आणि दोन्ही बाहेर पडायचं याच्या तोंडून. तरीही या मंडळींना क्योतोत जागा मिळाली. तिथे त्यांनी मठ उभारला, कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळ चालवलं.

१५९६च्या ऑक्टोबरात 'सान फेलिपे' हे मालाने गच्च भरलेलं स्पॅनिश गलबत शिकोकूच्या किनाऱ्याला लागलं. हिदेयोशीने माल जप्त केला. आधी मिशनरी येतात, मागून सैन्य येतं, असं गलबतावरचा कोणीतरी बरळला म्हणतात. तो खरंच बोलला की जप्तीला निमित्त हवं होतं, यावर इतिहासकार अजून भांडतात. माझं मत विचाराल तर दोन्ही असू शकतं. डिसेंबरात मिशनऱ्यांची आणि त्यांच्या जपानी सोबत्यांची धरपकड झाली.

शिक्षा होती नाक-कान कापायची. ती एका अधिकाऱ्याने सौम्य केली आणि प्रत्येकाच्या डाव्या कानाची पाळी कापली. मग भर थंडीत नागासाकीपर्यंतची वाट, सुमारे आठशे किलोमीटर. जागोजागी लोकांनी बघावं म्हणूनच ती वरात काढली होती. निघाले तेव्हा चोवीस होते. वाटेत त्यांची सेवा करायला बरोबर चालणारे दोघेही धरले गेले, म्हणून सव्वीस झाले. त्यांत वीस जपानी होते. सगळ्यात धाकटा लुईस, बारा वर्षांचा.

१६२७मध्ये ते धन्य घोषित झाले, ही संतपदाच्या आधीची पायरी, आणि १८६२मध्ये संत. भारतात जन्मलेला हा पहिला संत. केरळच्या अल्फोन्साला २००८मध्ये संतपद मिळालं, ती पहिली भारतीय स्त्री. हा फरक त्या वेळी पुष्कळांना समजावून सांगावा लागला.

५ फेब्रुवारी १५९७. नागासाकीची निशिझाका टेकडी. क्रूस जमिनीवर आडवे मांडून ठेवले होते. खिळे नव्हते, मान आणि हातपाय अडकवायला लोखंडी कड्या होत्या. उभं केल्यावर दोन्ही बाजूंनी भाले खुपसायचे, अशी तिथली रीत. परंपरा सांगते की टेकडीवर सगळ्यांत आधी पोचला तो गोन्सालो. सरळ एका क्रूसापाशी गेला आणि विचारलं, "हा माझा का?" पहारेकरी म्हणाला, नाही, तुझा पलीकडचा. तो पलीकडे गेला, गुडघे टेकले आणि त्याने क्रूसाला मिठी मारली. बाकीचे पंचवीस मागून टेकडी चढत होते.