सूर्य कुठे ठेवायचा?

[दृश्य: गच्ची, टळटळीत ऊन. फूटभर उंचीची स्टीलची बाटली. कडेनं कुठेच सावली नाही.]

पुणे. मे महिन्याचा मध्य, दुपारचे बारा वाजून एकतीस मिनिटं. सूर्य बरोब्बर डोक्यावर आलाय आणि बाटलीची सावली तिच्याच बुडाखाली गेलीय. हा शून्य सावली दिवस. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या प्रत्येक गावाला तो वर्षातून दोनदा मिळतो. आपल्याकडे दुसऱ्यांदा येतो तेव्हा पावसाळा असतो, त्यामुळे तो बहुतेक ढगातच जातो.

हे कसं घडतं, ते शाळकरी मुलांना तीन मिनिटांच्या ॲनिमेशनमधून सांगायचं, असं तिघांनी ठरवलं. एक लेखिका, एक ॲनिमेटर आणि खगोलशास्त्र शिकवणारे एक सर.

[दृश्य: खाडाखोड झालेले कागद. टेकवलेला मोबाइल, रेकॉर्डिंग चालू.]

तीन मिनिटं म्हणजे मराठीत जेमतेम तीन-साडेतीनशे शब्द. पहिल्या खर्ड्यात अक्षांश, विषुवदिन, अयनदिन, सगळंच होतं. सर खूश. पण लेखिकेनं तो मोठ्यानं वाचला आणि दुसऱ्याच परिच्छेदात तिला दम लागला. मग कात्री चालली. उरलेलं मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि त्या आवाजावर पेन्सिलची कच्ची चित्रं बसवली. याला ॲनिमॅटिक म्हणतात. दिसायला गबाळं असतं, पण फिल्म कुठे रेंगाळते ते इथेच कळतं.

खरी अडचण निघाली सूर्याची.

[दृश्य: काळा पडदा. डावीकडे बारीकसा पिवळा ठिपका.]

सूर्य आणि पृथ्वी यांच्यातलं अंतर पृथ्वीच्या व्यासाच्या सुमारे ११,७०० पट आहे. पडदा १,९२० पिक्सेल रुंद. त्यात हे अंतर खऱ्या प्रमाणात बसवलं तर सूर्य येतो अठरा पिक्सेलचा. आणि पृथ्वी? एका पिक्सेलचा सहावा हिस्सा. म्हणजे दिसतच नाही.

म्हणून सगळेच खोटं चित्र काढतात: कोपऱ्यात हसरा सूर्य, पंख्यासारखे पसरलेले किरण. इथे नेमकं तेच घात करतं. किरण पसरत येत असतील तर एका गावात सावली नाही आणि दुसऱ्या गावात आहे, याचं कारण पृथ्वीची गोलाई की किरणांचा पसारा, हे मुलाला कळणार कसं?

"सर, मग सूर्य केवढा काढू?"

"काढूच नकोस. नुसता उजेड येऊ दे डावीकडून. किरण मात्र समांतर हवेत."

सूर्याविषयीच्या फिल्ममध्ये सूर्यच नाही! माझ्या मते या फिल्ममधला सगळ्यात शहाणा निर्णय हाच.

[दृश्य: संगणकाच्या पडद्यावर कक्षेत फिरणारी पृथ्वी.]

पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे आणि वर्षभर त्याची दिशा तीच राहते. पण सॉफ्टवेअरमध्ये पृथ्वी कक्षेवर सोडली आणि वाटेप्रमाणे वळण्याचा पर्याय चालू राहिला, तर आसही सोबत वळत जातो. तो सुरुवातीला सूर्याकडे झुकलेला असेल तर कायम तसाच राहतो, म्हणजे उत्तर गोलार्धात बारा महिने उन्हाळा! निवेदनातला शब्द न् शब्द बरोबर असला तरी मूल लक्षात ठेवणार चित्रच. कक्षा लांबुळकी दाखवली की तेच. उन्हाळा म्हणजे सूर्य जवळ, असं डोक्यात पक्कं बसतं. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीत, आपण स्वेटर घालतो तेव्हा.

तीन मिनिटं, सेकंदाला चोवीस फ्रेम. एकूण ४,३२० फ्रेम. मोजक्या मुख्य फ्रेम ॲनिमेटर काढतो, त्यांच्या मधल्या पुष्कळशा आता संगणक भरतो. १९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ थोडी थोडी टिपत मिनिटभराची फिल्म केली होती, भांडवल देणाऱ्यांना सिनेमाची ताकद पटवायला. तेव्हा मधलं काही भरून द्यायला कुणी नव्हतं.

[दृश्य: ॲनिमेशनमधली बाटली. सावली आखडत येते, थांबते.]

संगणक भरतो ते मात्र तपासून घ्यावं लागतं. ॲनिमेटरनं सावली शून्यावर येताना हळूहळू मंदावत थांबवली होती. डोळ्यांना गोड वाटतं, आणि त्या धंद्याची सवयच तशी. सरांनी मान हलवली. "सावली थांबत नाही रे."

मग तिघं गच्चीवर गेले. शून्याच्या आसपास फूटभर बाटलीची सावली मिनिटाला सुमारे सव्वा मिलिमीटर सरकते. पश्चिमेकडून आखडत येते आणि वेग न बदलता पूर्वेला बाहेर पडते. तीन मिनिटांत पलीकडे चार मिलिमीटर! ॲनिमेटरनं खाली येऊन तो गोड थांबा काढून टाकला. आता सावली शून्यातून नुसती निघून जाते, आणि तिथे निवेदनात एक शब्दही नाही. लेखिकेनं लिहिलेलं वाक्य तिनं स्वतःच गाळलं.

[दृश्य: महाराष्ट्राचा नकाशा. दक्षिणेकडून उत्तरेकडे एकेक गाव उजळतं.]

शेवटच्या वीस सेकंदांत गावांच्या तारखा आहेत. सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर मेच्या पहिल्या आठवड्यात, नागपूर २६ मेच्या सुमारास, सातपुड्याच्या कडेची गावं महिनाअखेरीस. पुण्याची तारीख गाठून भागणार नव्हतं, कोकणातल्या शाळांच्या हाती फिल्म एप्रिलमध्येच पडायला हवी होती. म्हणून या वर्षी गच्चीवर जे मोजलं, ते पोचेल पुढच्या वर्षीच्या मुलांपर्यंत.