दोन तालमींचा पठ्ठा

श्रोतेहो, नमस्कार. कुस्तीच्या मैदानात पैलवानाचे नाव पुकारताना त्याच्या वस्तादाचे आणि तालमीचेही नाव पुकारले जाते, हे पुण्याच्या पेठांमध्ये वाढलेल्यांना सांगायला नको. त्यामुळे आठवड्यातून तीन दिवस कोथरूडला कराटे आणि शनिवार-रविवारी सदाशिव पेठेत ज्युदो शिकणाऱ्या मुलामुलींनी नेमके कोणाचे म्हणवून घ्यायचे, हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही.

दोन गुरू करण्यात गैर काहीच नाही. ज्युदोचे जनक जिगोरो कानो स्वतः जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेच्या तेन्जिन शिन्यो आणि कितो या दोन परंपरांमध्ये शिकले आणि १८८२ मध्ये त्यांनी कोदोकान ही ज्युदोची शाळा स्थापन केली. पुढे १९३० मध्ये आयकिदोचे जनक मोरिहेई उएशिबा यांची विद्या पाहून त्यांनी आपले निवडक शिष्य त्यांच्याकडे धाडले. येथे गुरूनेच पाठवले होते. आपल्याला निदान विचारता तरी येते, तेही नाव घालण्यापूर्वी, वर्ग सुटल्यावर, समोरासमोर, व्हॉट्सॲपवर नव्हे.

खरी पंचाईत एकाच कलेच्या दोन शाखांमध्ये होते. शितो-र्यू आणि शोतोकान या कराटेच्या दोन शाखा घ्या. शितो-र्यूमध्ये जो ‘पिनान निदान’ काता, म्हणजे हालचालींचा ठरावीक क्रम आहे, तोच शोतोकानमध्ये ‘हेइआन शोदान’ म्हणून पहिला येतो, कारण शोतोकानचे जनक फुनाकोशी यांनी नावांबरोबर पहिल्या दोन कातांचा क्रमही बदलला. शोतोकानचे पवित्रे लांब आणि खोल, शितो-र्यूचे तुलनेने आखूड आणि उंच. अशा वेळी “आमच्याकडे असे करत नाहीत” हे वाक्य तोंडातून निघाले, की शिकवणाऱ्याच्या कपाळावर आठी पडलीच म्हणून समजा. ज्या जागेवर उभे आहात, तेथील सरांची रीत त्या तासापुरती बरोबर मानावी, आणि एकीकडे मिळवलेला पट्टा दुसरीकडे न विचारता बांधू नये.

त्याहून गंभीर बाब सरावातील जोडीदाराची. कराटेचे अनेक वर्ग सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा शाळेच्या फरशीवर भरतात, आणि समोरच्या मुलाला पडायचे कसे हे कोणी शिकवलेले नसते. तेथे उत्साहाच्या भरात ज्युदोची फेक केली, तर डोके फुटण्याचीच भीती.

काही पालक मात्र दुसरा वर्ग लपवून ठेवतात. पुणे एवढे मोठे नाही. जिल्हा स्पर्धेत दोन्ही सर पंच म्हणून एकाच टेबलाशी बसलेले असतात आणि प्रवेशपत्रिकेवर प्रशिक्षकाच्या नावासाठी एकच ओळ असते. तेथे कोणाचे नाव लिहायचे, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे.